कुंदाताईंचे साठ आकडे

रत्नागिरीत ब्लाऊज शिवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. पण गिऱ्हाइकाला आधी साठ आकडे आरशासमोर उभं करून मगच टेपला हात लावणारी बाई एकच. आमच्या कुंदाताई मयेकर.

तेली आळीत त्यांचं दुकान आहे. दुकानाला नाव नाही. पाटीवर दोनच ओळी आहेत: 'येथे ब्लाऊज शिवून मिळतील. अंगाबद्दल माफी मागू नये.' नवीन माणूस पाटी वाचतो, पुन्हा वाचतो, आणि आपण बरोबर ठिकाणी आलो का ते शेजारच्या किराणा दुकानात जाऊन विचारतो. एकदा एक गृहस्थ बायकोला पायरीवर थांबवून आत आले आणि म्हणाले, "हे दुकान आहे की आश्रम?"

"आश्रमात मापं घेत नायत," कुंदाताई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर थांबा. त्यांना आत पाठवा."

आत आलं की पद्धत ठरलेली. कापड टेबलावर ठेवायचं आणि भिंतीतल्या मोठ्या आरशासमोर जायचं. आरसा डोक्यापासून पावलांपर्यंतचा आहे, सागवानी चौकटीचा. कुंदाताई मागे उभ्या राहतात. अंगात पांढरा सुती कोट, दोन खिशांचा, खिशात खडू आणि टाचण्या. या कोटामुळे एका म्हातारबाबांनी त्यांच्यासमोर बाही वर करून ब्लडप्रेशर बघायला सांगितलं होतं. कुंदाताईंनी सवयीने त्यांच्या दंडाचं माप घेतलं आणि मग विचारलं, "शर्ट शिवायचाय काय? मी पुरुषांचं शिवत नाय."

तर आरशासमोर उभं राहायचं आणि स्वतःच्या डोळ्यांत बघायचं. कुंदाताई मोठ्याने आकडे म्हणतात, पाढे म्हणावेत तशा चालीत. नजर जागेवर असेल तोवर आकडे पुढे जातात. नजर घसरली की आकडा थांबतो.

"घसरलीस. कमरेवर गेलीस. वर ये."

कुणाची नजर कुठे गेली हे त्यांना मागून कसं कळतं, ते मला चार वर्षांत समजलेलं नाही. "नाकात काय बघतेस, नाकात काय हाय," असंही त्या बरोबर त्याच वेळी म्हणतात. साठ झाले की "हां, आता हजर झालीस" असं म्हणून टेप उचलतात. हजर नसलेल्या बाईचं माप चुकतं, असं त्यांचं म्हणणं. पोट आत ओढून उभी असते, खांदे पाडून उभी असते, दुसऱ्याच कुणाचं तरी अंग घेऊन आलेली असते. मग ब्लाऊज त्या दुसरीला होतो आणि हिला होत नाही. बोलणी मात्र शिवणारीने खायची.

प्राथमिक शाळेतल्या देसाईबाई पहिल्यांदा आल्या तेव्हाची गोष्ट. पाटी त्यांनी वाचली नसावी. आत आल्या आल्या म्हणाल्या, "पोट जरा सुटलंय हो. आणि दंड पण, म्हणजे तसे बारीक होते पूर्वी. जरा झाकेल असं बघा."

कुंदाताई खुर्चीवरून उठल्याच नाहीत. "दोन झाल्या," म्हणाल्या.

"काय दोन?"

"माफ्या. पोटाची एक, दंडाची एक. तिसरी मागितलीत तर कापड परत देईन. शाळेत पोरांना असंच शिकवता काय, उभं राहून स्वतःची चुगली करायला?"

देसाईबाई रागावून निघून गेल्या. चार दिवसांनी परत आल्या आणि एक शब्द न बोलता आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी सव्वीसपर्यंत पोचल्या. आता त्या वर्षाला सहा ब्लाऊज शिवून घेतात, आणि वर्गातल्या मुलींनाही साठ आकडे करायला लावतात असं ऐकलंय. खरं-खोटं माहीत नाही.

बर्फाच्या कारखान्यातले शेट्ये आले होते त्यांची गोष्ट तर आळीत सगळ्यांना पाठ आहे. बायकोचा ब्लाऊज न्यायला आले आणि तिच्यासमोरच म्हणाले, "हिला काय घाला, दिसायचं ते तसंच दिसणार." गंमत म्हणून म्हणाले. कुंदाताईंनी ब्लाऊज परत कपाटात ठेवला. दोघांना समोरासमोर उभं केलं, मध्ये हातभर अंतर ठेवून. "एकमेकांच्या डोळ्यांत बघा. साठ झाले की ब्लाऊज मिळेल." शेट्ये आधी हसले, मग दाराकडे बघू लागले, मग घामाघूम झाले. पस्तिसाव्या आकड्याला अगदी हळू म्हणाले, "तुझा एक डोळा घारा हाय गो?"

बायको म्हणाली, "लग्नाला चौदा वर्षं झाली."

कुंदाताई म्हणाल्या, "छत्तीस."

आता मी या सगळ्यात कुठून आले ते सांगते. मी संगीता. परभणीकडची. शाळा सातवीला सुटली. सुटली म्हणजे काय, आठवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता, मध्ये ओढा होता आणि घरात धाकटी तीन होती. नवरा जेसीबी चालवतो. हायवेच्या कामावर तो इकडे आला, त्याच्यामागे मी आणि पोरगी. पहिलं वर्ष मला इथलं बोलणंच उमगायचं नाही. शब्द कळायचे, सूर कळायचा नाही. माणूस भांडतोय का जेवायला बोलावतोय, हे चेहरा बघूनसुद्धा ओळखू यायचं नाही. मी आपली दोन्हीला मान हलवायचे.

हुक-काजाचं काम मिळेल का विचारायला मी कुंदाताईंकडे गेले तेव्हा किती शिकलीस या प्रश्नाचं उत्तर वाटेत तीनदा म्हणून बघितलं होतं. त्यांनी तो विचारलाच नाही. म्हणाल्या, "तळहाताला घाम येतो काय?"

"येतो," मी म्हटलं. तेव्हाही आलेला होता.

"मग रेशमी कापडाला हात लावण्याआधी पावडर लाव. तो डबा. बस तिथे."

एवढ्यावर मला काम मिळालं. घाम येतो ही माझ्या अंगातली वाईट गोष्ट आहे असं मला आजवर सगळ्यांनी सांगितलं होतं. त्यावर पावडर लावता येते हे कुणी सांगितलं नव्हतं.

सहा महिन्यांनी त्यांनी मला अस्तर कापायला दिलं. ब्लाऊजच्या आतलं साधं कापड, चुकलं तरी फार बिघडत नाही. खुर्चीवर जोशीकाकू बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढचं, गुडघे दुखत होते. कुंदाताई बाजारात निघाल्या आणि दारातून म्हणाल्या, "संगे, यांचं अस्तर कापून ठेव. माया ठेव बरं, चांगली दीड बोट. मागच्या खेपेला कमी पडली होती त्यांना."

मी जोशीकाकूंकडे बघितलं. बिचारी, वाटलं. मागच्या खेपेला मायाच कमी पडली. दीड बोट हे मला जरा विचित्र वाटलं खरं. पण इथं मायासुद्धा मोजून देत असतील, असं मनात आलं. कोकणातल्या माणसाबद्दल गावाकडं ऐकलेलंही तसंच होतं. आणि मी काही हात आखडला नाही. चहा केला, आलं घालून. पाठीला उशी दिली. गुडघ्याची सगळी हकीकत ऐकली, मग अमेरिकेतल्या मुलाची ऐकली. त्यांचा हात हातात घेऊन बसले. आणि मधल्या वेळात अस्तर कापलं, खडूच्या रेघेवर, अगदी तंतोतंत.

शिवणीत आत दुमडायला जे जास्तीचं कापड सोडतात त्याला इथं माया म्हणतात. आमच्याकडचा शिंपी त्याला दाब म्हणायचा. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, अस्तराची दोन टोकं काही केल्या एकमेकांना भेटेनात तेव्हा.

"माया कुठाय?" कुंदाताई अस्तर उजेडाला धरून म्हणाल्या.

"केली की ताई. चहा पाजला, उशी दिली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अस्तराकडे बघितलं. मग खाली बसल्या आणि इतक्या हसल्या की टाचण्यांची डबी सांडली. मासळी विकणारी जरीनाखाला टोपली घेऊन पायरीवर टेकली होती, ती आत आली. तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मग ती हसली. मला वाटलं आता जमीन फाटेल तर बरं.

हसणं संपल्यावर कुंदाताईंनी सरळ विचारलं, "कळलं नव्हतं तर विचारलं का नाय?"

"भीती वाटली."

"माझी?"

"तुमची नाही. विचारलं तर माझी शाळा कळेल म्हणून."

त्यांनी टाचण्या गोळा केल्या. एकेक उचलून डबीत टाकल्या. मग टेबलावरची मोठी कात्री उचलून वरच्या फळीवर ठेवली. "जी बाई स्वतःच्या डोळ्यांत बघत नाय, ती दुसरीच्या मापात काय बघणार? साठ आकडे पुरे झाले की ही कात्री तुझी. तोवर हुक लाव."

जोशीकाकूंचा ब्लाऊज कुंदाताईंनी नवीन अस्तर लावून स्वतः केला. तो न्यायला आल्यावर काकूंनी तो उघडूनही बघितला नाही. म्हणाल्या, "ते राहू दे. ती चहा देणारी मुलगी कुठाय?" त्या अजून आठवड्याला येतात.

पण कात्री वर गेली ती गेलीच. रोज सकाळी दुकान उघडल्यावर पहिली पाळी माझी. त्याआधी कुंदाताई स्वतः आरसा पुसायच्या, कुणी चिकटवून गेलेल्या टिकल्या नखाने काढायच्या ("आरसा हाय तो, देवी नाय"), आणि कोटाची बटणं नीट करून म्हणायच्या, "काय कुंदाताई, बरं ना?" आणि उत्तरही द्यायच्या, "बरंच म्हणायचं." कधी कधी भांडणही व्हायचं. "तोंड का पाडलंय? काल सांगितलं होतं ना, कोळंबी जास्त खाऊ नको." मग मला खूण करायच्या.

मी उभी राहायचे. अकराच्या पुढे जायचे नाही. माझ्या दोन्ही गालांवर वांग आहे, पोरगी झाल्यापासूनचं. मी बघायला लागले की आधी वांग दिसायचं. मग आईचा आवाज यायचा, मान वर करून बघू नको. मग सातवीचा वर्ग दिसायचा. त्याच्या पुढे डोळे आपोआप भांगावर जायचे.

"वांगाकडे बघू नको. ते कुठे पळत नाय. डोळ्यांत बघ."

"बघते की."

"कानात बघतेस. अकरा. उद्या ये."

त्या मला अकरा नंबर म्हणू लागल्या. पुढे एकोणीस झाले, मग चोवीस, मग परत अकरा. जरीनाखाला रोज टोपली ठेवून आधी विचारायची, "आज किती?" आणि आळीभर सांगायची. किराणावाला रविवारी म्हणाला, "चौतिसावर आऊट झालात म्हणे." मला लाज वाटायची. पण एका गोष्टीचा अचंबाही वाटायचा. परक्या गावात माझे आकडे इतक्या लोकांना माहीत होते.

हे साठ कुठून काढले असं कुणी विचारलं की कुंदाताई शिबिराची गोष्ट सांगायच्या. कुठल्याशा हॉलमध्ये शिबिर होतं, जोड्या लावल्या होत्या, एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं होतं. त्यांच्या वाट्याला एक निवृत्त बँक मॅनेजर आले आणि बघता बघता उघड्या डोळ्यांनी झोपी गेले. घोरायला लागले तेव्हा कळलं. ही गोष्ट त्या इतकी छान करून सांगायच्या की मी ती पन्नासदा ऐकली असेल.

गेल्या वर्षी नवरा म्हणाला की हायवेचं काम दिवाळीला संपणार. "तुझं इथं कटिंगचं जमलं तर मी चिऱ्याच्या खाणीत जेसीबीवर लागतो. दोघांचं मिळून भागंल. नाहीतर गावाकडं जाऊ." त्याचं चुकीचं नव्हतं. हुक-काजावर भागत नाही. पण पोरगी इथं सातवीत होती. गावाकडं आठवीचा वर्ग अजून दुसऱ्या गावातच आहे. ओढ्यावर पूल झालाय म्हणतात, पण मला त्या ओढ्याचा भरवसा नाही. मी हे कुंदाताईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित कात्री खाली काढून दिली असती, आणि ती मला तशी नको होती.

गणपती झाले तेव्हा मी एक्केचाळिसावर होते. दसऱ्याला अडतिसावर.

त्याच आठवड्यात कुंदाताईंच्या भाचीचा साखरपुडा ठरला, गुहागरला. घरातल्या कुठल्याही कार्याला त्या जात नाहीत हे मला ठाऊक होतं. दरवेळी एकच कारण, दुकान. या वेळी वहिनीने साडी पाठवली, मोरपंखी रेशमी, ब्लाऊजच्या कापडासकट. सोबत चिठ्ठी होती. ती त्यांनी मला वाचायला दिली. एकच ओळ होती: 'या वेळी दुकानाचं कारण चालणार नाही, ताई.'

दुपारी एक ते चार रत्नागिरीत सगळं बंद असतं. आमचं जेवण झालं होतं. कुंदाताई म्हणाल्या, "संगे, दाराला आतून कडी लाव. मापाची वही घे. नवीन पान."

"कुणाचं?"

"माझं."

वहीत अर्ध्या रत्नागिरीची मापं आहेत. देसाईबाईंची तर चार पानं आहेत. मयेकरांचं पान नव्हतं. हे मला कधी खटकलं नव्हतं.

त्यांनी कोट काढला. पदर काढला. आरशाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. डाव्या बाजूला सैल झंपराच्या आत रुमालांची एक गुंडाळी होती, ती त्यांनी काढून टेबलावर ठेवली. तिथे आता काही नव्हतं.

"नऊ वर्षं झाली. कोल्हापूरला काढलं," त्या म्हणाल्या, भाजी कुठून आणली ते सांगावं तशा. "उजवीकडचं माप घे आणि दोन्हीकडे तेच लिही. डावीकडे मी भरीन काहीतरी."

माझ्या तोंडून भलताच प्रश्न गेला. "साठ आकडे तिथले का?"

"तिथल्या सिस्टरने सांगितलं होतं. रोज आरशात बघा, डोळ्यांपासून सुरू करा, मग हळूहळू खाली या. मी म्हटलं, अगो, माझं दुकानच आरशाचं हाय, मला काय शिकवतेस." त्यांनी टेबलावरची रुमालांची गुंडाळी जरा मागे सारली. "डोळ्यांपर्यंत जमलं. खाली नाय उतरले कधी. म्हटलं, दुसऱ्यांना तरी उतरवू."

"आणि शिबिर?"

"कसलं शिबिर. खोटं सांगते मी."

"तो मॅनेजरही खोटा?"

"मॅनेजर खरा. पण तो एसटीत झोपला होता, शेजारच्या सीटवर."

आम्ही दोघी हसलो. मग हसणं संपलं आणि त्या तशाच उभ्या होत्या. माझ्या हातात टेप होती. तळहात ओले झाले होते. मी डबा घेऊन पावडर लावली, आणि लावता लावता मला जे माहीत होतं तेवढंच बोलले.

"ताई, दोन्हीकडं एकच माप धरलं तर डावा खांदा ओढणार. आतलं सरकणार. तुम्ही साखरपुडाभर पदर सावरत बसाल."

"मग काय करू म्हणतेस?"

"घडी उघडू."

ब्लाऊजचे पुढचे दोन भाग कापताना कापड घडी घालून ठेवतात आणि एका कात्रीत दोन्ही कापतात. सगळ्या रत्नागिरीत, सगळ्या परभणीत असंच कापतात. डावं आणि उजवं सारखंच असणार हे धरूनच चालायचं असतं. घडी उघडून दोन्ही बाजू वेगवेगळ्या कापायच्या म्हणजे दोन आखण्या, दोन मापं, आणि चुकायला दुप्पट जागा.

कुंदाताई माझ्याकडे बघत राहिल्या. "जमेल तुला? अडतिसावर अडकलेली तू."

"म्हणा साठ."

त्यांची पाठ आरशाकडे, माझं तोंड आरशाकडे. त्यांच्या खांद्यावरून मी माझ्या डोळ्यांत बघितलं. त्यांनी सुरुवात केली. अकराला वांग दिसलं. असू दे म्हटलं. वीस-बाविसाला सातवीचा वर्ग आला आणि गेला. अडतीस कधी मागे पडले ते मला समजलं नाही, कारण त्या दिवशी मला माझी भीती वाटतच नव्हती, जी काय वाटत होती ती सगळी त्यांची होती. अठ्ठेचाळिसाला त्यांचा आवाज बारीक झाला आणि थांबला. माझी नजर घसरली नव्हती. त्यांच्याच्याने पुढे म्हणवत नव्हतं.

"एकोणपन्नास," मी म्हटलं.

"पन्नास," त्या म्हणाल्या.

तिथून आम्ही आळीपाळीने म्हणालो. साठ त्यांच्या वाट्याला आला. तो म्हणून झाल्यावर मी काही न सांगता त्या वळल्या. आरशात त्यांनी आधी माझे डोळे शोधले. चढावर बसमध्ये उभ्या बाईने दांडी धरावी तसे ते धरून ठेवले. मग स्वतःचे. मग खाली आल्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही. कुणीच आकडे म्हणत नव्हतं.

"लिही," त्या म्हणाल्या. "डावं वेगळं. उजवं वेगळं."

कात्री त्यांनी फळीवरून स्वतः काढून दिली. ती दिसते त्याहून जड आहे. मी दोन दिवस कापड पसरून नुसती बघत बसले, मग आखलं, मग कापलं. कापताना मी त्यांना किती प्रश्न विचारले याची गणतीच नाही. मुंडा किती उतरवू, टक्स डावीकडं घ्यायचे का नाही, माया किती ठेवू. शेवटी त्या वैतागल्या. "पूर्वी विचारत नव्हतीस तेच बरं होतं गो." पण प्रत्येक प्रश्नाला उठून आल्या.

ब्लाऊज अंगावर बसला. कुठे ओढला नाही, कुठे झोळ आला नाही. डावी बाजू सपाट होती आणि ती सपाट म्हणूनच बसली होती. त्याच्यावर त्या साडी नेसून शनिवारच्या एसटीने गुहागरला गेल्या. मी दोन दिवस एकटीने दुकान उघडलं, आरसा पुसला, गिऱ्हाइकं उभी केली. रविवारभर डोक्यात तेच चालू. खांदा सरकला असेल, हुक तुटला असेल, कुणीतरी काहीतरी बोललं असेल.

सोमवारी सकाळी त्या आल्या. चप्पल काढता काढता म्हणाल्या, "उजवी बाही अर्धा इंच आखूड झाली."

"सोडून देते ताई. मायेत आहे कापड."

"राहू दे आता. फोटोत आलीय तशीच."

मी वाट बघत राहिले. त्यांनी पंखा लावला, देवाला उदबत्ती लावली, टेप गळ्यात घातली. मग सहज आठवल्यासारखं म्हणाल्या, "वहिनी मागे लागली होती, ब्लाऊज कोणी शिवला म्हणून. तिला वाटलं मीच. मी म्हटलं, मी नाय शिवला. माझ्याकडे एक बाई आहेत."

आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

चार वर्षांत त्यांनी मला संगे म्हटलं, गो म्हटलं, मेले म्हटलं, अकरा नंबर म्हटलं. सगळं मी आवडीने ऐकलं. त्या दिवशी मात्र दुपारपर्यंत माझ्या हातून एक हुक सरळ लागला नाही.

संध्याकाळी घरी गेले. नवऱ्याचं खाणीतलं काम पक्कं झालं होतं. पोरीची शाळा आता हलणार नव्हती. महिन्यापासून मला ज्याचा घोर होता ते सगळं मार्गी लागलं होतं. पण मी त्याला आधी ते वाक्य सांगितलं, जसंच्या तसं.

त्याला काही विशेष वाटेना. जेवता जेवता म्हणाला, "मग? बाईच हायेस की."

"हायेस नाही," मी म्हटलं. "आहेत."